रुमालाखालची देवी

आमच्या ह्यांना दारूचा नुसता वास आला तरी मळमळायचं, आणि अख्खा बाजार म्हणायचा, हा माणूस सकाळीच पिऊन येतो. सुरुवातीला मी ऐकून घेतलं. मग तोंड सोडलं. विहिरीवर एका बाईनं मला "नवऱ्याले आवर वं" असा सल्ला दिला, तेव्हा भरलेली घागर खाली ठेवून मी तिला म्हटलं, "आधी तुह्या नवऱ्याचं तोंड हुंगून पाह्य." तिचा नवरा खरोखरच प्यायचा. पण तो पिऊनही सरळ चालायचा, म्हणून त्याला कोणी काही म्हणत नसे. आमचे हे थेंबही न घेता झोकांड्या खायचे. कोणाकोणाला समजावणार?

मला अक्षरं फार उशिरा, मुलीच्या पुस्तकावरून आली, म्हणून हे आता लिहिते आहे. राग मात्र तेव्हाचाच आहे. तो अजून निवलेला नाही.

आमचं घर चांदूर बाजाराजवळच्या एका गावात. काळी जमीन होती, ती धाकटे दीर पाहायचे. हे हंगामात अमरावतीला राहून कापसाची दलाली करायचे. त्या बाजारात सौदा तोंडानं होत नसे. घेणारा व्यापारी आणि दलाल समोरासमोर बसायचे, हातांवर एक रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून, दाबून भाव सांगायचे. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. जोराचा दाब म्हणजे आणखी वर चल. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काही कळायचं नाही. ज्याच्या गाडीतला कापूस, त्या कास्तकारालाही नाही. तो बिचारा दोघांच्या तोंडांकडे बघत राहायचा. अशा धंद्यात दलालाच्या हातावर विश्वास हवा, आणि यांच्या हातावर लोकांचा फार विश्वास होता. लांबलांबची माणसं, अगदी नांदगाव खंडेश्वरकडची, गाडी घेऊन आली की आधी यांना शोधायची.

पहिल्यांदा मला दिसलं ते जेवताना. डावा हात मांडीवर असायचा आणि त्याची बोटं आपली आपणच हलायची. मग खांदा उडायला लागला. मग भुवया. तांब्या घ्यायला हात गेला की तांब्या आडवा. मी विचारलं, "हे काय करून राहिले तुमी?" म्हणाले, "काय करून राहिलो? काई नाई." मला वाटलं थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. स्वतःचा हात उडतो हे या माणसाला ठाऊकच नव्हतं. मी दाखवलं की चिडायचे, आणि चिडले की दोन्ही हात उडायचे.

हात उडाले ते एक वेळ परवडलं. माणूस बदलला ते काही परवडलं नाही. हे मुळात थंड डोक्याचे. गाड्या कधी जुंपायच्या, वाटेत कुठे उतरायचं, कोणाला आधी भेटायचं, हे सगळं आदल्या दिवशीच ठरवून ठेवणारे. आता गोठ्यात जाऊन बैलासमोर उभे राहायचे. जू खाली पडलेलं, दोर हातात, आणि हे उभेच. मी गेले की विचारायचे, "आधी काय करू?" सांगितलं की करायचे. त्यानंतरचं पुन्हा सांगावं लागायचं. एक गोष्ट डोक्यात शिरली की दिवसभर तीच. एकदा सकाळी म्हणाले, गव्हाणीला फळी मारायची. दुपारी तेच, जेवताना तेच, फळी मारून झाली तरी तेच. आणि थांबणं तर मुळीच जमेना. भाकर तव्यावर आहे, फुगते आहे, एवढा वेळसुद्धा नाही. ताट उडवून दिलं. मुलं कोपऱ्यात जाऊन बसली. मी कांदे, ठेचा, पितळी गोळा करते आहे तोवर यांचा राग संपलेला. "भाकर झाली का?" जणू ताट दुसऱ्याच कोणी उडवलं होतं.

मला सर्वांत जास्त कशानं छळलं ते सांगते. माझा राग त्यांना दिसेनासा झाला. आमच्याकडे बाईला दुसरं हत्यार काय असतं? भांडी आदळायची, तोंड फिरवायचं, दोन दिवस अबोला धरायचा. पूर्वी माझी भुवई चढली तरी यांना कळायचं, काहीतरी निमित्त काढून मागे मागे यायचे. आता मी डोळे वटारून समोर उभी राहिले तर हे निवांत विचारायचे, "तुले झोप आली का?" रागावून रागावून माझाच जीव मेटाकुटीला आला. भिंतीवर डोकं आपटून घ्यावं असं वाटायचं.

बाजारात मात्र बराच काळ काही उघडकीस आलं नाही, कारण दिवस तसेच होते. सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई लागली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. लोकांनी ज्वारी मोडून कापूस लावला, माळ्यांनी वांगी काढून कापूस लावला. गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गप्पा मी ऐकल्या, पाहिलं मात्र कोणाचं चाक नाही. भाव रोज चढत होता. यांच्या बोटांनी रुमालाखाली चुकून जास्त दाब दिला तर संध्याकाळपर्यंत भाव तिथवर जायचाच, आणि लोक म्हणायचे, काय दूरदृष्टी आहे! चूक केली की शहाणपण ठरायचं. असल्या बाजारात माणूस आजारी आहे हे कोणाला कळणार?

शेवटी एका व्यापाऱ्याला कळलं, पण उलटंच कळलं. त्याच्या हातात यांनी एक भाव दिला, तो पक्का होण्याआधीच बोटं दुसरं काही बोलली, आणि हे म्हणाले, मी बदललाच नाही. तो म्हणाला लबाड. हे त्याच्या अंगावर धावून गेले. जन्मात कोणावर हात न उचललेला माणूस! लोकांनी धरून बाहेर काढलं, चाल पाहिली, जडावलेली जीभ ऐकली आणि निकाल दिला की प्यायलेला आहे. त्यानंतर यांच्या रुमालाखाली कोणी हात घातला नाही.

घरी बसले. सासूबाई मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकायच्या. दृष्ट लागली म्हणायच्या, यापलीकडे चकार शब्द नाही. मी विचारलं तर "होईन बरं" म्हणून उठून जायच्या. मी मात्र यांना गाडीत घालून माझ्या माहेरी अकोल्याला नेलं. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात एक म्हातारे हकीम होते. त्यांनी यांचा हात आपल्या हातात बराच वेळ धरून ठेवला. चालवून पाहिलं, जीभ बाहेर काढून ठेवायला सांगितली. जीभ बाहेर राहीना, सापासारखी आत-बाहेर करायला लागली. हकीम म्हणाले, "यह शराब नहीं है, बेटी. यह मर्ज़ है. इनके वालिद को था?"

मी म्हटलं, "नाई. ते तापानं गेले." मला लग्नानंतर तेच सांगितलं होतं.

हकीम म्हणाले, औषध नाही. चांगलं खाऊ घाला, कारण अंग सारखं हलतं ते अंगातलं सगळं खाऊन टाकतं. घास मऊ द्या, नाहीतर ठसका लागून जीव जाईल. गर्दीत बसवू नका. भांडू नका, त्याचा उपयोग नाही. शेवटचं ऐकून मला तर हसूच आलं. पण निदान एका शहाण्या माणसानं त्याला दुखणं म्हटलं होतं. परतताना गाडीत मी ठरवलं, आता घरात सगळ्यांनी यांना दुखणेकरी म्हणायचं. बाजेवर पडू द्यायचं, सावकाश कण्या भरवायच्या, कोणी बोल लावायचा नाही. मला एवढंच हवं होतं. यापेक्षा जास्त मी कधी काही मागितलंच नाही.

आणि नेमकी नवरात्र आली. गावदेवीच्या देवळात डफ, संबळ, धूप. मी नको म्हणत असताना दीर यांना घेऊन गेले. संबळ वाजायला लागला तसं यांचं अंग उसळलं. हात वर, मान मागे, पाय नाचल्यासारखे. आवाज चढला की यांचं असंच व्हायचं, घरात मुलं ओरडली तरी व्हायचं. पण देवळात कोणी बाई ओरडली, "देवी आली!" झालं. कपाळ मळवटानं भरलं, गळ्यात कवड्यांची माळ, आणि काल ज्याला दारुडा म्हणत होते त्याच्या पायांवर गाव लोळायला लागलं.

तेवढ्यावर थांबले असते तर आमच्या लोकांना वऱ्हाडी कोण म्हणणार! देवीला काय विचारायचं? पोरंबाळं, पाऊसपाणी, आजार? छे. कापसाचा भाव! आणि देवी म्हणजे तर मुळात दलाल. तेव्हा आमच्या होणाऱ्या व्याह्यांना युक्ती सुचली. माझी मुलगी त्यांच्या मुलाला द्यायची बोलणी झाली होती, पुढच्या लग्नसराईत लग्न करायचं ठरलं होतं. त्यांनी आपला रुमाल यांच्या हातावर टाकला, खाली आपला हात घातला आणि हात जोडल्यासारखा चेहरा करून विचारलं, "माय, इकू का ठेवू?"

यांचा हात कधी कोणाचा हात नुसता धरून ठेवू शकत नव्हता. घट्ट व्हायचा, ढिला व्हायचा, पुन्हा घट्ट, गाय पिळल्यासारखा. मुलं हात धरून चालायची तेव्हा मी ते रोज बघत होते. व्याह्यांचे डोळे मोठे झाले. "वर! आनखी वर चाल म्हनते!"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओसरीवर रांग. दीर जाजम टाकून बसले, नारळ, खण, गुळाच्या ढेपा घ्यायला लागले. शेत पाहणारा माणूस एका आठवड्यात पुजारी झाला. लोक रुमाल टाकायचे, हात घालायचे, दाब लागला की हरखून जायचे. दाब सगळ्यांनाच लागायचा. प्रत्येकाला वर, आणखी वर. देवीनं एकालाही 'विकून टाक' म्हटलं नाही. आणि भाव खरोखर चढत होता, त्यामुळे मी कोणापुढे काय बोलणार?

तरी बोलले. दिरांना म्हटलं, "भाऊजी, त्याईले बरं नाई. अंग वाळून काटकी झालं. झोपू द्या त्याईले." ते म्हणाले, "वैनी, देवी काय बाजेवर झोपते?" सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, तुमी तरी सांगा." त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि तांदूळ निवडत बसल्या.

खुद्द यांना विचारावं, तर ते खुशीत. यांना देवीबिवी काही वाटत नव्हतं. यांना वाटत होतं, दलाली पुन्हा सुरू झाली. माणूस येऊन बसला की पूर्वीसारखं विचारायचे, "कितीचा माल हाय?" लोक म्हणायचे, पाहा, देवी मालाची चौकशी करते. मी ओसरीच्या दाराआड उभी राहून हे ऐकायची आणि तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा कोणी प्रसाद म्हणून सुकं खोबरं दिलं. यांना आता घास लहान घ्यायचा हे कळत नव्हतं, सगळं एकदम कोंबलं आणि ठसका लागला. तोंड निळं पडलं. लोक हात जोडून बसले होते, त्यांना वाटलं देवीचं रूप बदलतं आहे. मी लाज सोडून सगळ्या पुरुषांमधून धावले, पाठीवर बुक्क्या घातल्या, तेव्हा खोबरं बाहेर पडलं. आणि वर मलाच ऐकावं लागलं, की बाईनं देवीले मारलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी बातमी आली की ती लढाई संपली. कोण लढलं, कोण जिंकलं, आम्हाला काही कळलं नाही. भाव मात्र पडला. आज पडला, उद्या आणखी पडला. ज्यांनी देवीच्या शब्दावर कापूस घरात भरून ठेवला होता, त्यांच्या घरांत झोपायला जागा नव्हती आणि कापसाला गिऱ्हाईक नव्हतं. व्याह्यांच्या तर माडीवर, गोठ्यात, जिकडेतिकडे कापूस. पुन्हा ओसरीवर आले, रुमाल टाकला. हाताने नेहमीचंच सांगितलं. वर, आणखी वर.

मग लोकांनी ठरवलं की देवी केव्हाच निघून गेली आणि तिच्या जागी बाहेरचं काही शिरलं आहे. मला वाटलं होतं, देवी गेली तर सुटलो. कुठलं! दीर एका भगताला घेऊन आले. भरदुपारी अंगणात गोवऱ्या पेटवल्या आणि त्यात विळा तापायला ठेवला. कपाळावर, दोन्ही मनगटांवर आणि पायांवर डाग द्यायचे म्हणजे आतलं पळून जाईल. व्याही स्वतः हजर. चारपाच माणसं यांना धरायला. हे बाजेवर बसून त्या विळ्याकडे कौतुकाने बघत होते आणि मला म्हणत होते, "कापणी सुरू झाली का?"

मी बाजेसमोर उभी राहिले. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. दिरांना म्हटलं, आधी तुमच्या अंगावर डाग घ्या. भगताला म्हटलं, त्याईच्या अंगाले हात लावून पाह्य, तो विळा तुह्याच तोंडात घालीन. व्याह्यांनाही सोडलं नाही. अकोल्याच्या हकिमांचं सांगितलं, दुखणं आहे, दुखणं आहे, असं घसा फुटेपर्यंत सांगितलं. व्याही म्हणाले, "असं दुखनं कोनी पाह्यलं हाय का? एक तरी मानूस दाखव ज्यानं पाह्यलं." भगतानं विळा उचलला. टोक लाल झालं होतं.

तेव्हा सासूबाई माजघरातून बाहेर आल्या. परक्या पुरुषांसमोर त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला होता, पण आवाज स्वच्छ होता.

"मी पाह्यलं," त्या म्हणाल्या. "याच्या बापाले असंच झालं होतं. त्याच्या आजालेबी. ताप नवता, काई नवता, माजघरात कोंडून गावाले ताप सांगितला. देवी नाई अन् भूतबी नाई, आमच्या घरातलं दुखनं हाय हे. डागानं जात असतं तं तवाच गेलं असतं. मी माह्या हातानं धरलं होतं त्याईले, डाग देताना."

भगतानं विळा पाण्याच्या डोणीत बुडवला. दिरांनी मटकन खाली बसून आपल्याच हातांकडे पाहिलं. वडील गेले तेव्हा ते रांगत होते, त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी मनात म्हटलं, अखेर कोणीतरी बोललं, आता यांना सुखाने पडू देतील. मी व्याह्यांसाठी पाण्याचा तांब्या आणायला वळले, तर ते उठले होते. त्यांनी पागोटं नीट केलं. ओसरीच्या खांबाशी माझी मुलगी उभी होती, तिच्याकडे एकदा पाहिलं, तिच्या कडेवर बसलेल्या तिच्या भावाकडे पाहिलं आणि पाणी न घेता निघून गेले.

त्याच आठवड्यात आम्ही सोयरिकीत त्यांना बांधलेलं पागोटं न्हाव्याच्या हाती परत आलं. सोयरीक मोडल्याचा वेगळा निरोप काही नव्हता. न्हावीसुद्धा उंबऱ्याबाहेरूनच ठेवून गेला.

मला हवं होतं ते सगळं झालं होतं. ओसरी रिकामी होती. रुमाल नाही, संबळ नाही, खोबरं नाही. हे बाजेवर टेकून बसले होते आणि सासूबाई त्यांना कण्या भरवत होत्या, सावकाश, हकिमांनी सांगितलं होतं तशा. मी ते पागोटं हातात घेऊन दारात उभी राहिले आणि मला असा संताप आला की तो कोणावर काढावा हेच कळेना. मग काढला सासूबाईंवर.

"तुमाले मालूम होतं," मी म्हटलं. "इतके दिवस मी बोंबलून राहिली अन् तुमाले सगळं मालूम होतं. मले काहून नाई सांगितलं?"

"मलेबी कोनी सांगितलं नवतं," त्या म्हणाल्या.

"सोयरिकीच्या वेळीच सांगाचं होतं. मले मालूम असतं तं मी ह्या घरात आली असती का?"

सासूबाईंनी पदराच्या टोकानं यांची हनुवटी पुसली. "म्हनूनच नाई सांगितलं," त्या म्हणाल्या, आणि पुढचा घास यांच्या तोंडात घातला.